इथपर्यंत

आने दुक्मो रस्त्यावर पालथी होते,
उठते, बोटं टेकली होती तिथवर चालते, पुन्हा पालथी.
हातांत लाकडी फळ्या, पुढ्यात याकच्या कातड्याचं आवरण.
खट्, मग सर्र, मग क्षणभर काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत ती काय पुटपुटते
हे मला अठ्ठावीस दिवसांत कळलेलं नाही.

मी तिचा भाचा. पुढे हातगाडी ओढतो.
गाडीत तंबू, त्साम्पाची पिशवी, वाळल्या शेणाचं पोतं,
एक काळी किटली, आणि आनेचे जादा गुडघे :
ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापलेले चार तुकडे.
संध्याकाळी तिची बोटं शेवटची जिथे टेकतात
तिथे मी एक दगड ठेवतो.
सकाळी दगड उचलतो, ती तिथून सुरू होते.
एवढाच हिशेब.

आम्न्ये माचेन. आम्न्ये म्हणजे आजोबा.
आजोबा सहसा ढगात डोकं खुपसून बसलेले.
एखाद्या दुपारी अचानक सगळेच्या सगळे दिसतात,
मी गाडी सोडून उभा राहतो.
"आने, वर बघ ना."
"मी त्यांना बघायला आले नाहीये,"
ती म्हणते, धुळीतूनच.

सतराव्या दिवशी ओढा आला.
आजोबांच्या अंगावरचा बर्फ हल्ली लवकर सुटतो,
घोटाभर पाणी असायचं तिथे आता कमरेइतकं.
तिने दोरीला दगड बांधून पलीकडे फेकायला लावला,
दोरी ओढून घेतली, आणि ती ओली दोरी
स्वतःच्या लांबीने मोजली : साडेअकरा.
मग अलीकडच्याच काठावर, वाळूत,
जागच्या जागी बारा दंडवत घातले.
"अर्धा जास्त कशाला?"
"मोजेपर्यंत पाणी वाढलं असेल."

मग माझ्या पाठीवर बसून ती पार झाली.
मला वाटलं होतं, जड असेल.
पाच बाळंतपणं, दोन दुष्काळी हिवाळे
आणि एक न बोलणारा नवरा वाहिलेली बाई,
लोकरीच्या गाठोड्याएवढीही भरली नाही.
पायांखालून गोटे निसटत होते, मी शिव्या गिळत होतो,
ती कानाशी म्हणाली,
"सावकाश, रिनक्याब. हे पाणी मी आधीच फेडलंय."

तेविसाव्या दिवशी, खिंडीच्या खाली, ती उठली नाही.
श्वासात जाळी अडकल्यासारखा आवाज.
एका मोटारसायकलवाल्याने तिला स्वतःच्या
आणि बायकोच्या मध्ये बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.
जाताना ती एकच शब्द बोलली :
"दगड."

ठेवला होता मी. मग त्याच्यापाशी बसलो.
याक आले, एकाने हुंगला, मी ओरडलो.
रात्री बर्फ पडला. लोक रात्री उठून
लेकरावर पांघरूण घालतात,
मी तीनदा उठून दगडावरचं काढलं.

उलट्या बाजूने एक म्हातारा आला, बोनपो.
त्यांची प्रदक्षिणा आमच्या उलटी, वाटेत तोंडं समोरासमोर येतात.
"काय हरवलं?"
"काही नाही. आमची आने इथपर्यंत आलीये."
त्याने बघितलं : माळ, वारा, किटली.
माझा चहा प्यायला, साखर कमी आहे म्हणाला,
आणि जाताना दगडाला जरा लांबून वळसा घातला,
झोपलेल्या माणसाला घालतात तसा.

पाच दिवसांनी ती परत आली.
मनगटावर सलाईनची चिकटपट्टी, खिशात गोळ्या वाजतायत.
मी कसा आहे, काय खाल्लं, काही विचारलं नाही.
दगडासमोर उकिडवी बसली.
"हाच?"
"हाच."
"हलला नाही?"
"नाही."
तिसऱ्या पहाटे मला डुलकी लागली होती.
ते मी बोललो नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं.
दगड उचलला,
वीतभर मागे ठेवला,
आणि फळ्या हातांत चढवल्या.

खट्.